मोजमाप उपकरणांच्या लीड आणि कनेक्टरकडेही लक्ष हवे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विदर्भातल्या तालुक्याच्या गावांतील आयटीआय, तंत्रनिकेतने, मोटर रिवायंडिंगची दुकाने आणि आता सौर कृषिपंपांच्या दुरुस्तीला जाणारी तरुण मुले यांचे सगळे काम मोजमापाच्या उपकरणांवर चालते. मल्टिमीटर, मेगर (इन्सुलेशन तपासणारा मीटर), टोंग टेस्टर (तारेभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणारा मीटर), सीआरओ (विजेची लहर पडद्यावर दाखवणारे उपकरण) ही उपकरणे विकत घेताना आपण घासाघीस करतो, कंपनी पाहतो, वॉरंटी विचारतो. परंतु उपकरण आणि मोजायची वस्तू यांना जोडणारी लीड, प्रोब, केबल आणि तिच्या टोकाचा कनेक्टर यांची पुढे कोणी विचारपूस करत नाही. इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक या व्यवसायाचा शिल्पनिदेशक म्हणून नोकरी करून निवृत्त झाल्यावर आता गावाकडे राहताना मला हे दुर्लक्ष अधिकच जाणवते, कारण शाळेतल्या प्रयोगात त्याची किंमत एका चुकीच्या आकड्याची असते, तर शेतातल्या स्टार्टरपेटीपाशी ती एखाद्याच्या जिवाची असू शकते.

आधी जिवाचेच सांगतो. मल्टिमीटरची लीड आतून तुटली की मीटर चुकीचा आकडा दाखवून आपल्याला सावध करतो, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात व्होल्टेज मोजताना तुटलेल्या लीडचा मीटर बहुतेक वेळा शून्य किंवा शून्याच्या आसपास काहीतरी दाखवतो, आणि शून्य दिसले की माणूस निर्धास्त होतो. ‘भाऊ, लाइन बंद आहे,’ असे म्हणून तो फ्यूजच्या तारेला हात घालतो. लाइन मात्र चालूच असते. म्हणून वीज बंद असल्याची खात्री करायची तर मीटर आधी चालू असल्याची खात्री असलेल्या ठिकाणी लावून पाहावा, मग ज्या ठिकाणी काम करायचे तिथे लावावा, आणि नंतर पुन्हा त्या चालू ठिकाणी लावून लीड अजून शाबूत आहे हे पाहावे. या तिन्ही पायऱ्यांना मिळून एक मिनिटही लागत नाही. वीजतंत्री आणि तारतंत्री या व्यवसायांत ही पद्धत शिकवली जाते, पण कामाच्या घाईत ती पहिल्यांदा गळते, असे मी गावोगाव पाहतो.

लीड तुटते ती बहुधा एकाच जागी. वायर जिथे प्लगच्या किंवा प्रोबच्या कडक भागात शिरते तिथे, त्या शेवटच्या बोटभर लांबीत, प्रत्येक वेळी वाकण्याचा ताण येतो. आतल्या तांब्याच्या केसासारख्या बारीक तारा एकेक करून तुटत जातात आणि वरचे इन्सुलेशन मात्र नव्यासारखे दिसते. हे शोधायला कोणतेही खास यंत्र लागत नाही. मीटर ओहमच्या, म्हणजे रोध (रेझिस्टन्स) मोजण्याच्या, सर्वांत लहान रेंजवर ठेवावा, दोन्ही प्रोबची टोके एकमेकांवर घट्ट दाबून धरावीत आणि दुसऱ्या कोणाला तरी त्या जोडाजवळची वायर हलकेच चारही दिशांना वाकवायला सांगावे. चांगल्या लीडचा आकडा अर्ध्या ओहमच्या आत कुठेतरी स्थिर राहतो. आकडा उड्या मारू लागला, दोन-तीन ओहमपर्यंत चढला किंवा मध्येच ओपन झाला, तर ती लीड गेली असे समजावे. अशा लीडवर काळी टेप गुंडाळून तिला आणखी एक हंगाम चालवण्याचा मोह टाळावा, कारण टेपमुळे तुटलेल्या तारा जुळत नाहीत, उलट तुटण्याची जागा दिसेनाशी होते. केवळ बझर वाजतो म्हणून लीड चांगली असेही मानू नये. बहुतेक मीटरचा बझर कित्येक ओहमपर्यंत वाजतच राहतो.

हे दोन-तीन ओहम किती महाग पडतात, ते बोअरच्या मोटरचे उदाहरण घेतले की कळते. तीन फेजच्या सबमर्सिबल मोटरचे वायंडिंग वरूनच, केबलच्या टोकाशी तपासायचे तर तीन जोड्यांमधला रोध मोजतात आणि तिन्ही आकडे जवळजवळ सारखे यावेत, अशी अपेक्षा असते. शेतीपंपांच्या मोटरमध्ये हा रोध पुष्कळदा काही ओहमांचाच असतो. दोन जोड्या सारख्या आल्या आणि तिसऱ्या जोडीच्या वेळी लीडने स्वतःचे दोन ओहम मिळवले, तर मोटर जळाली असा निष्कर्ष निघतो. मग पाइप, केबल आणि मोटर असा सगळा पसारा बोअरमधून वर काढण्याची मजुरी, गाडीभाडे आणि ऐन ओलिताच्या दिवसांत गेलेले दिवस हे सारे शेतकऱ्याच्या माथी बसते. मोटर वर काढण्याचा निर्णय घेण्यापूर्वी मिस्त्रीने लीडची टोके जुळवून तिचा स्वतःचा रोध आधी पाहून घ्यावा, तो आलेल्या आकड्यातून वजा करावा आणि संशय आल्यास लीड बदलून तिन्ही जोड्या पुन्हा मोजाव्यात, एवढीच माझी विनंती आहे. मेगरच्या बाबतीत याच्या उलट घडते. तिथे लीड ओल्या मातीत पडलेली असली किंवा तिच्यावर घाम, तेल आणि धूळ यांचा थर असला तर गळती लीडवरूनच होते आणि चांगल्या मोटरचे इन्सुलेशन कमी दिसते. मेगरची टोके हवेत वेगळी धरली असता काटा अनंतावर गेला पाहिजे आणि जुळवली असता शून्यावर आला पाहिजे. ही तपासणी प्रत्येक कामाआधी करायची असते, आणि लीड जमिनीवरून लोळत न नेता उचलून धरायच्या असतात.

आपल्या भागाचे हवामान या वस्तूंना फार कठीण आहे, हेही सांगितले पाहिजे. मे महिन्यात अकोला, नागपूर, चंद्रपूर येथे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये किंवा मोटारसायकलच्या डिकीत त्याहूनही जास्त तापते. स्वस्त लीडवर पीव्हीसीचे इन्सुलेशन असते. त्याला मऊ ठेवणारे द्रव्य उष्णतेने हळूहळू निघून जाते आणि दोन-तीन उन्हाळ्यांत वायर काडीसारखी कडक होऊन वाकवताना चिरते. सिलिकॉनचे इन्सुलेशन असलेली लीड थोडी महाग मिळते, परंतु ती उन्हात कडक होत नाही आणि सोल्डरिंग आयर्न चुकून टेकले तरी वितळत नाही. धारदार पत्र्याने मात्र ती लवकर कापली जाते, म्हणून पॅनेलच्या कडेवरून ओढताना जपावे लागते. चांगल्या लीडला बाहेर लाल किंवा काळा आणि आत वेगळ्या, बहुधा पांढऱ्या, रंगाचा थर असतो. आतला रंग दिसू लागला की लीड बदलायची वेळ आली, हे सांगण्यासाठीच तो दिलेला असतो.

दुसरा शत्रू धूळ. काळ्या मातीची बारीक धूळ आणि जिनिंगच्या दिवसांत हवेत तरंगणारे कापसाचे तंतू बीएनसी सॉकेटच्या (सीआरओची केबल जिथे फिरवून अडकवतात त्या) आत, बनाना सॉकेटच्या (मीटरच्या लीडचा प्लग जिथे बसतो त्या) तळाशी, सगळीकडे जाऊन बसतात. पावसाळ्यात त्यांनाच ओल लागते आणि मग संपर्क कधी येतो, कधी जातो. यावरचा जो उपाय आपल्याकडे सर्रास केला जातो, त्याने दुखणे वाढते. पिनेवर पॉलिश पेपर घासतात, पेट्रोल किंवा थिनर लावतात, सॉकेटमध्ये कापसाचा बोळा फिरवतात. चांगल्या कनेक्टरच्या पिनेवर सोन्याचा मुलामा असतो, पण त्याची जाडी मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. पॉलिश पेपरच्या दोन-चार घासांत तो निघून जातो, पिन काही दिवस चकचकीत दिसते, आणि नंतर उघड्या पडलेल्या पितळावर गंज धरून आधीपेक्षा वाईट अवस्था होते. थिनरने कित्येक प्लास्टिकना तडे जातात. कापसाचा बोळा आपल्या घराघरात असतो, पण त्याचे तंतू सॉकेटच्या पाकळ्यांत अडकून राहतात. त्याऐवजी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल, ज्याला दुकानदार आयपीए म्हणतात, ते तंतू न सोडणाऱ्या कापडाला किंवा फोमच्या काडीला थोडेसे लावून पिन आणि बाहेरचे कडे पुसावे. आधी हातपंपाने हलकी हवा मारून धूळ काढावी आणि पुसल्यावर पूर्ण वाळेपर्यंत उपकरण जोडू नये. हे काम उपकरण बंद करून आणि वीजपुरवठ्याची पिन काढूनच करावे. धूळ आत जाऊच नये म्हणून प्लास्टिकच्या छोट्या टोप्या मिळतात. उपकरणाच्या खोक्यातून त्या निघाल्या की पहिल्याच दिवशी हरवतात. त्या जपल्या तर साफसफाईची निम्मी मेहनत वाचते.

सीआरओच्या प्रोबबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण आयटीआय आणि तंत्रनिकेतनांत सर्वांत जास्त नुकसान त्याचेच होते. प्रोबची केबल वरून साधी दिसते, पण तिच्यातली मधली तार जाणीवपूर्वक अतिशय बारीक आणि रोध असलेली बनवलेली असते. टोकापासून कनेक्टरपर्यंत मोजले तर एकास-एक (सिग्नल कमी न करता देणाऱ्या) स्थितीतही काहीशे ओहम दिसू शकतात, आणि तो दोष नसतो. हे ठाऊक नसल्यामुळे मुले, आणि कधी कधी शिक्षकही, केबल तुटली आहे असे समजून ती कापतात आणि तिच्या जागी डिशची किंवा माइकची वायर जोडतात. त्यानंतर चौकोनी लहरीच्या प्रत्येक कोपऱ्यावर थरथर दिसू लागते आणि दोष सीआरओला दिला जातो. दहास-एक प्रोबमध्ये ९ मेगाओहमचा रोध आणि उपकरणाच्या आतला १ मेगाओहमचा रोध मिळून सिग्नलचे दहा भाग होतात, आणि दोन्हींच्या धारितेचा (कपॅसिटन्सचा) मेळ बसवण्यासाठी प्रोबवर एक बारीक स्क्रू दिलेला असतो. सीआरओच्या दर्शनी भागावरच्या १ किलोहर्ट्झच्या चौकोनी लहरीला प्रोब लावून तो स्क्रू प्लास्टिकच्या पेचकसाने असा फिरवावा की लहरीचे कोपरे गोलही राहणार नाहीत आणि वर टोकही काढणार नाहीत. प्रोब एका चॅनेलवरून दुसऱ्यावर नेला किंवा दुसऱ्या सीआरओला लावला की हे पुन्हा पाहावे लागते. एखाद्या विद्यार्थ्याने हे एकदा स्वतःच्या हाताने केले आणि पडद्यावर कोपरा सरळ होताना पाहिला, की ते त्याला जन्मभर विसरत नाही.

बीएनसी कनेक्टर आत ढकलून पाव वळसा फिरवला की अडकतो आणि काढताना आधी तेवढाच उलटा फिरवून मग ओढायचा असतो. वर्गात मात्र केबलला धरून हिसका दिला जातो. अशाने केबलमधली तारेभोवतीची धातूची जाळी आणि कनेक्टर यांच्यातला क्रिंप (दाबून बसवलेला जोड) सैल होतो, बाहेरची जाळी सुटते आणि पडद्यावर ५० हर्ट्झची जाड पट्टी उभी राहते. त्या पट्टीचे कारण शोधण्यात आख्खा तास जातो. प्रयोगशाळेची केबल ५० ओहम इम्पीडन्सची (वेगवान सिग्नलला केबलचा जो रोध जाणवतो तो) आणि टीव्हीची ७५ ओहमची, हा फरकही पाळला पाहिजे. फंक्शन जनरेटरकडून (चाचणीसाठी लहरी तयार करणाऱ्या उपकरणाकडून) सिग्नल आणताना जवळ पडलेली डिशची केबल वापरली तर कमी वारंवारतेला काही कळत नाही, वारंवारता वाढली की कळते. एन प्रकारच्या कनेक्टरमध्ये तर ही गल्लत परवडतच नाही. ५० ओहमच्या नर (पिन असलेल्या) कनेक्टरची मधली पिन ७५ ओहमच्या पिनेपेक्षा जाड असते आणि ती ७५ ओहमच्या सॉकेटमध्ये घातली की आतल्या पाकळ्या कायमच्या फाकतात. मोबाइल टॉवरवर काम करणाऱ्या मुलांनी हे लक्षात ठेवावे, आणि शिवाय कनेक्टर आवळताना फक्त नट फिरवावा, केबल किंवा कनेक्टरचे अंग फिरवू नये. पिन सॉकेटमध्ये गरगरली की दोन्ही झिजतात. बारीक एसएमए कनेक्टर पक्कडीने आवळण्याची पद्धत तर बंदच झाली पाहिजे. त्यासाठी ठरावीक जोराला आपोआप सुटणारा ८ मिलिमीटरचा पाना मिळतो, आणि स्टीलच्या एसएमएला लागणारा जोर सुमारे १ न्यूटन-मीटर एवढाच असतो.

केबल ठेवण्याबद्दल एवढेच सांगतो की ती कोपर आणि पंजा यांच्याभोवती घट्ट गुंडाळू नये आणि मीटरलाही कसून वेढे देऊ नयेत. प्रयोगशाळेतली ५ मिलिमीटर जाडीची नेहमीची केबल ५ सेंटिमीटरपेक्षा लहान त्रिज्येत वाकवू नये, म्हणजे वीतभर रुंदीचे सैल वेढे भिंतीवरच्या लाकडी खुंटीला टांगले तर पुरते. खुंटीचा दुसरा फायदा असा की खरिपाचा माल घरात आल्यावर वाढणारे उंदीर जमिनीवरच्या खोक्यापर्यंत सहज पोचतात, भिंतीवर तितके सहज नाही.

आता सौर कृषिपंपांकडे वळतो. केंद्राची कुसुम योजना २०१९ पासून आणि राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना २०२४ पासून सुरू झाल्यानंतर आपल्या शिवारांत पॅनेलच्या रांगा दिसू लागल्या आहेत, आणि त्यांच्या देखभालीसाठी गावातलीच मुले जात आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु एकापाठोपाठ एक जोडलेल्या पॅनेलचा दाब काहीशे व्होल्ट डीसी होतो आणि ऊन आहे तोवर तो पॅनेलच्या टोकाशी बंद करता येत नाही. घरातला एसी प्रवाह दर सेकंदाला १०० वेळा शून्यातून जातो, त्यामुळे त्याची ठिणगी विझायला वाव असतो. डीसीला असा शून्य क्षण नसतो, म्हणून त्याची ठिणगी एकदा पेटली की ताणली जाते आणि जाळत राहते. एवढ्या दाबावर तडा गेलेली, टेप लावलेली लीड वापरणे म्हणजे सरळ संकटाला बोलावणे आहे. मीटरवर १००० व्होल्ट लिहिलेले असले तरी लीडवर ६०० लिहिलेले असेल, तर त्या जोडीची मर्यादा ६०० च समजावी. लीडवर मर्यादा छापलेलीच नसेल, तर ती सौर पॅनेलसाठी वापरू नये. प्रोबच्या टोकाचे उघडे धातू, टोपी लावल्यानंतर, ४ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावे. ती टोपी काढून फेकू नये.

याच कामात आणखी एक चूक वारंवार दिसते. पॅनेलच्या एमसी-४ कनेक्टरच्या आत मीटरचा टोकदार प्रोब खुपसून व्होल्टेज पाहिले जाते. आतल्या गोल संपर्काची पकड त्यामुळे सैल होते. त्या वेळी काहीच बिघडल्यासारखे वाटत नाही, पण पुढे भर दुपारी पूर्ण प्रवाह वाहू लागला की तो सैल जोड तापतो, प्लास्टिक वितळते आणि पंप बंद पडल्याची तक्रार येते. एमसी-४ ला बसणारी आणि दुसऱ्या टोकाला मीटरचा प्लग असलेली तयार चाचणी लीड बाजारात मिळते, तीच वापरावी. पंप चालू असताना हा कनेक्टर कधीही ओढू नये, आधी कंट्रोलरवरून पंप आणि मग डीसी स्विच बंद करावा. एका कंपनीचा नर आणि दुसऱ्या कंपनीची मादी केवळ एकमेकांत बसतात म्हणून जोडू नयेत. सुटे पडलेले टोक मातीत लोळू न देता त्याला टोपी लावावी.

हे सगळे वैयक्तिक शिस्तीने काही प्रमाणात साधेल, पण संस्थांमध्ये अडचण वेगळीच आहे. उपकरण जडसंग्रह (टिकाऊ साहित्याच्या) नोंदवहीत एक नग म्हणून नोंदले जाते आणि त्याच्या लीड, प्रोब, केबल त्या नगाचाच भाग मानल्या जातात. प्रोब खराब झाला की नवा घ्यायला वेगळे खर्चाचे शीर्ष सापडत नाही, मग शेरा पडतो ‘उपकरण नादुरुस्त’, आणि काही वर्षांनी निर्लेखनाचा (उपकरण नोंदीतून काढून टाकण्याचा) प्रस्ताव तयार होतो. एका संस्थेत मी अशा कपाटातले सीआरओ चांगल्या प्रोबने तपासले, तेव्हा त्यांतले बरेच व्यवस्थित चालले. वीस-पंचवीस हजारांचे उपकरण हजार-दीड हजारांच्या प्रोबअभावी कपाटात पडते आणि तोवर मुलांच्या दोन तुकड्या पडद्यावर लहर न पाहता परीक्षा देऊन बाहेर पडतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. ग्रामीण भागातल्या मुलाला ते उपकरण हाताळायला मिळण्याची दुसरी जागा नसते.

म्हणून व्यवसाय शिक्षण खात्याने लीड, प्रोब, केबल, कनेक्टर आणि आयपीए यांना सोल्डर वायरप्रमाणेच दरवर्षीच्या उपभोग्य मालात धरावे. निर्लेखनाच्या प्रस्तावावर ‘चांगल्या लीडने तपासले’ अशी स्वाक्षरीसह नोंद सक्तीची करावी. प्रात्यक्षिक परीक्षेत मुलाने मोजमापाला हात घालण्यापूर्वी स्वतःची लीड तपासून दाखवावी आणि त्याला गुण असावेत. सौर पंपांच्या प्रशिक्षणात योग्य मर्यादेच्या लीडचा संच प्रत्येक मुलाला मिळावा, कारण मीटर दोघांत एक चालतो, पण लीडची काळजी ज्याची त्यालाच घ्यावी लागते. ज्या शाळा-महाविद्यालयांत या मार्चअखेर जुन्या उपकरणांची यादी होणार आहे, त्यांनी यादी पाठवण्यापूर्वी गावातल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातून एक चांगली लीड आणि एक चांगला प्रोब तासाभरासाठी मागून आणावा आणि कपाटातला प्रत्येक नग त्यावर लावून पाहावा.

कळावे.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ